खोबरं कुठलं?

कावेरी एम. हिचं काम जंतूंना छळण्याचं. हे ती स्वतःच सांगते, आणि सांगताना आवाज खाली करत नाही. आडनाव विचारलं तर म्हणते, "एम म्हणजे मल्हारराव, माझे वडील. बंगळुरात एवढं पुरतं." जन्म श्रीरामपुऱ्यातला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. पूर्वज कुठल्या गावाहून आले ते घरात कुणालाच ठाऊक नाही, आणि त्याचं कुणाला दुःखही नाही. पुण्या-मुंबईचा माणूस भेटला की त्याचा पहिला प्रश्न असतो, "मूळचे कुठले तुम्ही?" कावेरीचं उत्तर ठरलेलं: "मूळचे इथलेच. तुम्ही कुठले?"

शहराच्या उत्तरेला एक संशोधन संस्था आहे. झाडी भरपूर. गेटवरचा सिक्युरिटीवाला आधी तुमच्या चपला बघतो आणि मग 'सर' म्हणायचं की 'एनु?', म्हणजे 'काय?', म्हणून अडवायचं ते ठरवतो. आत एका लॅबमध्ये साल्मोनेला नावाच्या जंतूवर काम चालतं. तिथं कावेरी प्रोजेक्ट असिस्टंट आहे, वर्षावर्षाच्या कंत्राटावर. हा जंतू अन्नातून पोटात जातो आणि माणसाला उलट्या, जुलाब, ताप लावून आडवा करतो. कावेरी रोज सकाळी तो जंतू वाढवलेली नळी घेते आणि वाटण्या करते. थोडे जंतू आंबटात, थोडे मिठाच्या पाण्यात, थोडे गरम पाण्यात, थोडे उपाशी. नंतर प्रत्येकातला थेंब काचेच्या तबकडीवर पसरून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी किती उगवले ते मोजायचं. मेले त्यांच्यात कुणाला रस नसतो. जगले ते कसे जगले, हे शोधायला तिथं माणसं पीएचड्या करतात.

तिनंच मला समजावलं की ज्या जंतूनं आधी थोडा छळ सोसलाय, तो पुढचा मोठा छळ जास्त सोसतो. आंबटात मुरलेला मिठालाही पुरून उरतो, उष्णतेलाही. मला वाटलं, मोठी गोष्ट सापडली. मी कपडा कामगारांच्या युनियनचं काम करतो. म्हटलं, हे तर आमच्या गार्मेंट्समधल्या बायकांचं वर्णन झालं.

"बायकांना जंतू म्हणू नका हं," कावेरी म्हणाली. "भाषणात तर मुळीच नको. मी येऊन माइक काढून घेईन."

म्हणून भाषणात म्हणत नाही.

तिची आई लवकर गेली. तिला वाढवलं मावशीनं. मावशीचं नाव सकवारबाई. पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या एका कपडा फॅक्टरीत ती शर्टाच्या कॉलरच्या लाइनला, तरुणपणापासून. फॅक्टरीत सगळ्या तिला सकू अक्का म्हणतात. आमच्या युनियनची ती सभासद. वर्गणी वेळेवर देते आणि सभेला कधी येत नाही. भाचीच्या नोकरीचं तिला कौतुक, पण ती नेमकं करते काय ते ध्यानात येत नव्हतं. एकदा कावेरीनं सांगायचा प्रयत्न केला, "मावशी, आम्ही जंतूंना ताण देतो. स्ट्रेस."

"तान?" सकवारबाईच्या बोलीत तान म्हणजे तहान. "अय्यो, पाणी देत नाही त्यांना?"

कावेरी हसणार होती, पण थांबली. मिठाच्या पाण्यात जंतू टाकला की त्याच्या अंगातलं पाणी बाहेर निघून जातं. मरतो तो त्यानंच. "तसंच समज," ती म्हणाली. "तहानेनंच मारतो."

"पाप लागेल गं."

"लागू दे. पगार तर लागतो."

पुढे जे झालं ते रामनवमीपासून सुरू होतं.

बंगळुरात रामनवमीला कोसंबरी, गुळाच्या पाण्याचं पानक आणि पातळ ताक वाटतात, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. कोसंबरी म्हणजे भिजवलेली मुगाची डाळ, न शिजवता. तिच्यात काकडी, ओलं खोबरं, हिरवी मिरची, वर मोहरीची फोडणी. लिंबू आणि मीठ अगदी वाढताना घालायचं, नाहीतर काकडी पाणी सोडते. कॉलरच्या लाइनला कोसंबरी सकू अक्काची, हा रिवाज होता. घर बारा महिने कोंबडी-मटण खाणारं. पण रामनवमीची कोसंबरी मात्र आंघोळ करून, धुतलेल्या साडीत, सोवळ्यातली. डबा उघडताना ती मोठ्यानं सांगायची, "सगळं माझ्या घरचं, माझ्या हातचं. हात धुऊन घ्या गं." आणि शर्टांवर हात चालवणाऱ्या त्या बायका खरोखर उठून हात धुवून यायच्या. सुपरवायझरच्या शिटीला जे जमत नाही ते तिला जमायचं.

त्या रामनवमीला कॅन्टीनमध्ये सकाळी इडली-चटणी होती आणि दुपारी अंडा-भात. कंत्राटदाराला रामनवमी काय आणि सोमवार काय. दुपारच्या चहाला सकू अक्काची कोसंबरी वाटली गेली. या वेळी शेजारच्या बाह्यांच्या लाइनमधल्याही बायका आल्या, तरी सगळ्यांना पुरली. रात्रीपासून बायका आजारी पडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही लाइनींची मशिनं बहुतेक रिकामी. काही जणींना सलाइन लावावं लागलं. त्यांच्यात तानूबाई होती. सकवारबाईच्या शेजारच्या मशिनवर बसणारी, तिची मैत्रीण आणि तिची कायमची टवाळखोर.

मॅनेजमेंटनं नोटीस लावायला वेळ घेतला नाही. पाण्याची टाकी फुटली तर यांना आठवडा लागतो. ही नोटीस सकाळी फलकावर होती. बाहेरचे अन्न कारखान्यात आणून वाटल्याने कामगारांना बाधा. सकवारबाई चौकशी होईपर्यंत निलंबित. चौकशीत एचआरच्या यशोवर्धन नावाच्या तरुण साहेबानं तिला एकेक जिन्नस विचारला. डाळ कुठली, काकडी कुठली, खोबरं कुठलं. सकवारबाईनं मान ताठ ठेवून सांगितलं, "सगळं माझ्या घरचं, माझ्या हातचं." तसं लिहून घेतलं आणि खाली तिची सही घेतली.

चटणी जवळपास सगळ्यांनी खाल्ली होती आणि कोसंबरीही. नुसतं विचारून काही कळण्यासारखं नव्हतं. आजारी पडलेल्या एका बाईचा नवरा सकवारबाईच्या दारात येऊन शिव्या देऊन गेला. ती आत बसून राहिली. कावेरी सांगते, त्या दिवसापासून मावशीनं गल्लीत कुणाला आमटीची वाटीसुद्धा दिली नाही. श्रीरामपुऱ्याच्या त्या गल्लीत वाटी गेली नाही आणि आली नाही, असा दिवस नसतो. नोकरी गेली असती तर दुसरी कुठलीतरी मिळाली असती, सुईदोऱ्याला पीण्यात तोटा नाही. पण तिच्या हातचं खाऊन माणसं आजारी पडली, हे तिच्या अंगाला चिकटून राहणार होतं, आणि ते सोडवणार कोण?

पुरावा ठेवा, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कोसंबरीचा डबा तळाशी थोडा उरला होता. तानूबाईनं सकाळच्या इडल्या-चटणीचं एक पाकीट घरी नेलं होतं. तिच्या घरचे त्या दिवशी देवळाच्या प्रसादालाच जेवले आणि रात्री ती स्वतःच आडवी झाली, म्हणून पाकीट तसंच राहिलं. दोन्ही जिन्नस सकवारबाईनं स्टीलच्या दोन डब्यांत भरून शेजारणीच्या फ्रिजमध्ये ठेवले. आम्ही त्यातलं थोडं थोडं एका खाजगी लॅबला तपासायला दिलं. रिपोर्ट आला: दोन्हीत काही आढळलं नाही. यशोवर्धन साहेबाला आनंद झाला. कॅन्टीनची चटणी स्वच्छ; मग आजार आला कुठून? बाहेरच्या अन्नातून. आणि कोसंबरीही स्वच्छ निघाली त्याचं काय, म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "तो डबा तिच्याच घरी होता ना सर."

त्या रविवारी मी सकवारबाईच्या घरी हा रिपोर्ट घेऊन गेलो तेव्हा कावेरी तिथं होती. रिपोर्ट तिनं वाचला, उलटा करून बघितला.

"मावशी, डबे नीट झाकून ठेवले होतेस ना?"

"ठेवले होते मा. नासू नये म्हणून वरून मीठ पण घातलं. आणि लिंबू पिळलं, दोन्हीवर. चांगलं दोन-दोन लिंबं."

कावेरीनं रिपोर्ट खाली ठेवला. "काय घातलंस?"

"मीठ-लिंबू. तेच म्हणाले ना, नासू देऊ नका," सकवारबाईनं माझ्याकडे बोट केलं. "शेजारणीचा फ्रिज दिवसभर बंद-चालू, बंद-चालू. म्हणून घातलं."

"लोणचं घातलंस तू पुराव्याचं!" कावेरी ओरडली. आणि मग खो-खो हसत सुटली. मावशीला राग आला, मलाही आला. हसणं थांबवून ती पुन्हा रिपोर्टकडे वळली आणि तिचा चेहरा बदलला. "स्वल्प थांबा. मीठ आणि आंबट. म्हणजे मेले नसतीलही."

तिनं सांगितलं ते असं. मीठ आणि लिंबू यांनी जंतू घायाळ होतो, पण सगळे मरत नाहीत. त्यात खोबऱ्याच्या तेलकटपणाचा त्याला आडोसा मिळतो. हा जंतू ओळखायची जी लाल तबकडी असते तिच्यात दुसरे जंतू उगवू नयेत म्हणून जालीम द्रव्यं घातलेली असतात. धडधाकट साल्मोनेलाला ती सोसतात. घायाळ झालेल्याला सोसत नाहीत. जिवंत असूनही तो उगवत नाही. म्हणून आधी त्याला सौम्य रश्शात, उबेला, रात्रभर ठेवायचं. त्यांच्या लॅबमध्ये याला इंग्रजी नाव आहे, कावेरी त्याला विसावा म्हणते. विसावा दिल्यावर तो सावरतो, आणि मग लाल तबकडीवर दिसतो. अन्न तपासताना हा विसावा द्यायलाच हवा, असा नियम आहे. घाई असलेली लॅब तो गाळते आणि 'आढळले नाही' छापून देते.

"तू करशील?" सकवारबाईनं विचारलं.

"माझ्या हातात नाही. मॅडमना विचारायला पाहिजे."

मॅडम म्हणजे लॅबच्या प्रमुख, डॉक्टर संहिता. पुण्याच्या. कावेरी पहिल्यांदा त्यांच्याशी मराठीत बोलली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुमचं मराठी किती क्यूट आहे!" तेव्हापासून कावेरी त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, फारच चिडली तर कन्नडमध्ये. त्या सोमवारी मात्र ती मराठीत बोलली.

"हे बघ कावेरी," मॅडम म्हणाल्या, "ही रिसर्च लॅब आहे, टेस्टिंग लॅब नाही. आपण रिपोर्ट देऊ शकत नाही. सही नाही, लेटरहेड नाही, काही नाही. शिवाय सॅम्पल कुणाच्या तरी घरच्या फ्रिजमधून आलेलं."

"रिपोर्ट नको मॅडम. कोर्टात न्यायला नाही. मला गोत्त झालं पाहिजे, बस."

"काय झालं पाहिजे?"

"कळलं पाहिजे."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "बायोसेफ्टीला मेल टाकते. त्यांनी हो म्हटलं तर कर. आणि तुझी मावशी म्हणून काहीही शॉर्टकट नाही."

"शॉर्टकट मी कुणासाठीच घेत नाही," कावेरी म्हणाली. हे खोटं नाही, पण हे म्हणायची गरज नव्हती. तिला म्हटल्याशिवाय राहवत नाही.

परवानगी आली. कावेरीनं प्रत्येक डब्यातलं थोडं थेट लाल तबकडीवर पसरलं आणि थोडं विसाव्याला ठेवलं. थेट पसरलेल्यात काही उगवलं नाही, अगदी त्या खाजगी लॅबसारखंच. विसावा दिलेलं पुढच्या रश्शात आणि तिथून तबकडीवर गेलं. यात दिवस जातात, त्याला इलाज नाही. मी मधेच फोन करून विचारत होतो आणि ती मला ओरडत होती की जंतू तुमच्या मोर्च्याच्या तारखेनं वाढत नाहीत.

साल्मोनेला लाल तबकडीवर मधोमध काळा ठिपका घेऊन उगवतो, माशाच्या डोळ्यासारखा. चटणीची तबकडी तिनं उजेडाला धरली आणि तिला ते डोळे दिसले. कितीतरी. जंतू चटणीत होते. म्हणजे कॅन्टीन. ती सांगते, त्या क्षणी तिला फोन करायचा होता, सगळ्यांना. हातमोजे काढायला लागली. मग वाटलं, आधी दुसरी बघून घ्यावी.

कोसंबरीच्या तबकडीवरही काळे डोळे होते.

ती तबकड्या आत ठेवून आली आणि त्या दिवशी तिनं कुणाला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी मी केला. म्हणाली, "दोन्हीत आहे."

मी म्हटलं, चटणीत आहे ना? मग तेवढंच सांग. बाकीचं तुला विचारलंय कुणी? हे मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणेन. समोरचे त्यांच्या सोयीचं तेवढंच सांगतात, आपण काय हरिश्चंद्राचे नातेवाईक आहोत?

"तुमचं तुम्ही बघा," कावेरी म्हणाली. "मला मावशीला तोंड दाखवायचंय. उद्या तिनं विचारलं, माझ्या डब्यात होतं का गं, तर?" आणि फोन ठेवला.

मॅडमना वाटलं की काम करताना एकातलं दुसऱ्यात गेलं असेल. परत करायला सांगितलं. कावेरीनं परत केलं, एक डबा एका दिवशी, दुसरा दुसऱ्या. तेच. मग दोन्हीकडच्या जंतूंच्या डीएनएच्या पट्ट्या काढून शेजारी-शेजारी ठेवल्या. अंगठ्याच्या ठशासारख्या असतात त्या. तंतोतंत जुळल्या.

"एकच स्ट्रेन आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे एकातून दुसऱ्यात गेलाय, किंवा दोन्हीत तिसरीकडून आलाय."

"चटणी पहाटे होते मॅडम, कॅन्टीनमध्ये. मावशी शिफ्टला येते तोपर्यंत ती वाटून झालेली असते. तिचा डबा दुपारपर्यंत तिच्या मशिनखाली. डब्याची आणि चटणीची गाठ पडायचं कारणच नाही."

"त्यात असतं काय काय? आमच्याकडे कोशिंबीर म्हणतात ना, तसलंच?"

"तसलं नाही." कावेरीला एवढ्या ताणातही हे सहन झालं नाही. "कोशिंबीर वेगळी. ही कोसंबरी. मुगाची डाळ असते, भिजवलेली. काकडी. मिरची. फोडणी. आणि खोब..."

ती थांबली. मॅडमही थांबल्या. चटणीत मुगाची डाळ नव्हती, काकडी नव्हती. दोन्हीकडे कच्चं आणि भरपूर होतं ते एकच, खोबरं.

"पण मावशी सगळं घरचं म्हणते ना?" मॅडम म्हणाल्या.

"म्हणते," कावेरी म्हणाली.

संध्याकाळी ती लॅबमधून थेट श्रीरामपुऱ्याला गेली. सकवारबाई भाजी निवडत होती. फक्त स्वतःपुरती, एक जुडी. कावेरी समोर खाली बसली. पुढचं मला तिनंच सांगितलं आणि नंतर सकवारबाईनंही, दोघींच्या सांगण्यात फार फरक नाही.

"मावशी, कोसंबरीला खोबरं कुठलं होतं?"

"घरचं."

"किती नारळ फोडलेस?"

"दोन. दरवर्षी दोनच फोडते." सकवारबाईचे हात चालूच. "का?"

"या वर्षी बाह्यांच्या लाइनवाल्या पण आल्या. तरी पुरलं?"

"डाळ जास्त घेतली होती."

"डाळ जास्त, काकडी जास्त, आणि खोबरं दोनच नारळांचं? तुझी कोसंबरी? खोबरं कमी पडलेलं तुला चालतं? माझ्या घरी मी एकदा कमी घातलं तर तू ताटच परत पाठवलं होतंस."

"सुम्ने, गप बस गं. आलीस की पोलिसासारखी."

"मावशी, तुझ्या डब्यात जंतू आहेत."

सकवारबाईचे हात थांबले. कावेरीनं सगळं सांगितलं. चटणीतले, डब्यातले, दोन्ही एकच. मावशी ऐकत राहिली, आणि शेवटी विचारलं ते वेगळंच.

"कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"सांगू नको."

"का? मावशी, ते तुला चोर ठरवतायत. बोल की. खोबरं कुठून घेतलं?"

सकवारबाईनं भाजी बाजूला सारली, पदरानं तोंड पुसलं. "या वर्षी बाह्यांच्या लाइनवाल्या पण येणार होत्या, म्हणून डाळ जास्त भिजवली. जेवणाच्या सुट्टीआधी डबा उघडून बघितला, तर कोरडी दिसायला लागली. मग मागच्या दारानं कॅन्टीनमध्ये गेले. तिथल्या आचाऱ्याकडे, शिवकुमारकडे, खोवलेलं होतं, सकाळच्या चटणीतलं उरलेलं. ताटभर दिलं त्यानं. रामाचं आहे म्हटल्यावर नाही म्हणाला नाही."

"मग हे चौकशीत का नाही सांगितलंस?"

"काय सांगू?" तिचा आवाज चढला. "त्याच ओट्यावर तो अंडी फोडत होता गं! हात त्याच फडक्याला पुसले आणि मला खोबरं दिलं. मी डोळ्यांनी बघितलं आणि तरी घेतलं. रामनवमीचा प्रसाद. सोवळ्यातलं, माझ्या घरचं, म्हणून ओरडून वाटलं त्या सगळ्यांना. हात धुवायला लावले त्यांना मी! आता सगळ्यांपुढे उभी राहून सांगू, की रामाच्या प्रसादात अंड्याच्या ओट्यावरचं खोबरं घातलं?"

कावेरीला हसावं की रडावं कळेना. एक बाई जेवणात विष कालवल्याचा आळ घेऊन घरी बसली होती, आणि तो ती मुकाट सोसत होती. पण अंड्याच्या ओट्याचं नाव तिला काढवत नव्हतं. चौकशीत तिनं मारलेली ती एक थाप तिलाच गोत्यात घालून बसली होती.

"मत्ते, पुढे काय करायचं ते तू ठरव," कावेरी म्हणाली. "मी काही लिहून देणार नाही, मला देताच येत नाही. पण कुणी मला विचारलं तर मी दोन्हीत होते म्हणून सांगणार. एकात होते असं नाही सांगणार."

"मावशीसाठी पण नाही?"

"नाही."

"कुणावर गेलीस गं तू?"

"तुझ्यावर," कावेरी म्हणाली, आणि उरलेली भाजी निवडायला घेतली.

चौकशीच्या पुढच्या तारखेला सकवारबाई धुतलेली साडी नेसून आली. कामगारांच्या बाजूनं मी होतो, आणि साक्षीला तानूबाई. सलाइन संपून कामावर आलेली, पण अजून गाल बसलेले. दाराबाहेर दोन्ही लाइनींच्या बायका चहाच्या सुट्टीत येऊन उभ्या राहिल्या. कावेरी फॅक्टरीच्या गेटबाहेर थांबली होती. तिला आत सोडलं नाही.

यशोवर्धन साहेबानं मागचा जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, "काही बदल?"

"खोबरं," सकवारबाई म्हणाली. "खोबरं घरचं नव्हतं. दोन नारळ माझे, बाकीचं कॅन्टीनचं. शिवकुमारनं दिलं."

"आधी तर सगळं घरचं म्हणालात. सही आहे तुमची."

"आधी खोटं बोलले."

"का?"

तिनं दाराकडे बघितलं, बायका उभ्या होत्या तिकडे. आणि साहेबाला नाही, त्यांना सांगितलं. ओटा, अंडी, फडकं, ताट. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाली, "रामाच्या प्रसादात ते घातलं. सांगायला तोंड नव्हतं."

यशोवर्धनला यातलं काय लिहून घ्यायचं ते सुचेना. मग तानूबाई खुर्चीतून म्हणाली, "अक्का, रामाला काय झालं नाही. झालं ते आम्हाला."

दाराबाहेर एक जण फिस्सकन हसली, मग सगळ्याच. सकवारबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं तानूबाईला एक अस्सल शिवी हासडली. कुणी ती लिहून घेतली नाही.

शिवकुमारला बोलावलं. तो येतो की नाही, मला शंका होती. कंत्राटदार दारातच उभा होता. शिवकुमारनं दोन्ही हातांनी ताटाचा आकार दाखवला. "इष्टु. एवढं. अक्कानं मागितलं, मी दिलं. चटणीला तेच वापरलं होतं."

यशोवर्धन म्हणाला, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

"सिद्ध कशाला व्हायला पाहिजे साहेब?" मी विचारलं. "कोसंबरीनं बाधा झाली म्हणता, तर तिच्यातलं खोबरं तुमच्या कॅन्टीनचं. कोसंबरीनं नाही झाली म्हणता, तर ही बाई घरी का बसलीय? दोन्हीतलं कुठलं लिहायचं ते तुम्ही ठरवा. आम्हाला दोन्ही चालतं."

लॅबचं नाव मी काढलं नाही. गरज पडली नाही.

मॅनेजमेंटनं दोन्हीतलं एकही लिहिलं नाही. निलंबन मागे घेतल्याचं एका ओळीचं पत्र आलं. माफी नाही, कारण नाही. कॅन्टीनचा ओटा नवा बांधला, फरशी बदलली, कंत्राटदार तोच राहिला. शिवकुमारला त्यानं काढलं. त्याचं भांडण आम्ही अजून लढतोय, आणि ते या लेखात बसणार नाही.

सकवारबाईचा डबा कावेरीनं लॅबच्या मोठ्या कुकरमध्ये, वाफेच्या दाबाखाली तापवून, घासून परत नेऊन दिला. मावशीनं तो घेतला, पण त्यात आता ती सुया-दोरे ठेवते. ते जंतू मात्र लॅबमध्ये आहेत. मॅडमनी ठेवून घेतले. मीठ आणि लिंबू एकत्र सोसलेला, खोबऱ्यात लपून राहिलेला असा जंतू त्यांना सहज मिळत नाही. फ्रीझरमधल्या नळीवर नाव कावेरीनं लिहिलं. ते कुणाचं हे मॅडमना ठाऊक आहे, लॅबमध्ये बाकी कुणाला नाही: सकू.

"अजून जिवंत आहेत ते?" सकवारबाईनं विचारलं होतं.

"झोपलेत."

"मारून टाक की गं."

"रोज मारते. संपत नाहीत."

पुढच्या रामनवमीला फॅक्टरीत बाहेरचं अन्न आणायला बंदी होती. म्हणून बायका सुट्टी झाल्यावर गेटबाहेर, चिंचेच्या झाडाखाली जमल्या. सकवारबाई येईल की नाही, यावर दुपारपासून पैजा लागल्या होत्या. ती सकाळी कामावर आलीच नव्हती; रजा टाकली होती. संध्याकाळी रिक्षातून उतरली, धुतलेली साडी, मांडीवर नवा, मोठा डबा. बरोबर कावेरी, हातात लिंबांची पिशवी.

डबा उघडला. सकवारबाईनं तोंड उघडायच्या आत तानूबाई पुढे झाली.

"खोबरं कुठलं गं अक्का?"

सगळ्या खदखदून हसल्या. सकवारबाईनं तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. "सहा नारळ फोडलेत, करवंट्या आणल्यात पिशवीतून. मोज, हवं तर. आणि आधी हात धू जा."

नळ गेटच्या आत होता. सिक्युरिटीवाल्यानं क्षणभर आडवा हात धरला, मग बाजूला घेतला. बायका रांगेनं आत गेल्या, हात धुवून आल्या. तोवर कावेरीनं लिंबं कापली, मीठ घातलं, आणि पळसाच्या पानावर पहिला घास तानूबाईच्या हातात दिला. तानूबाईनं तो वास घेऊन बघितला, उगाच, सगळ्यांना दाखवायला. आणि तोंडात टाकला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.